छप्पर जाण्याआधी कौन्सिलचं दार

या अंकात आलेले सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. राहतं घर सुटणार असेल किंवा सुटलं असेल, तर कौन्सिल (स्थानिक नगरपालिका) तात्पुरतं घर कसं देतं, आणि देत नसेल तर काय करायचं? उत्तरं इंग्लंडपुरती आहेत. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

'आजवर कुणापुढे हात पसरला नाही, आता कौन्सिलकडे कसं जायचं?' हे वाक्य बहुतेक पत्रांत आहे. म्हणून आधी हे सांगतो की हे हात पसरणं नाही. बेघर होणाऱ्यांना मदत करणं हे १९७७ पासून कौन्सिलचं कायदेशीर कर्तव्य आहे. सध्याचा मूळ कायदा हाउसिंग ॲक्ट १९९६, त्याचा सातवा भाग. एप्रिल २०१८ पासून नव्या कायद्याने तो आणखी बळकट झाला. लाजेपायी उशीर केला, तर त्यात तुमचाच हक्क बुडतो.

प्रश्न: पश्चिम लंडनमध्ये सहा वर्षं भाड्याने राहतो. दोन मुलं आहेत. आम्हा दोघांना आयएलआर (कायम वास्तव्याची परवानगी) आहे. घरमालकाने घर विकायचं म्हणून चार महिन्यांची नोटीस दिली आहे. एकाच्याच पगारात दुसरं घर परवडत नाही. कौन्सिलला फोन केला तर 'बेलिफ (घर रिकामं करवणारा कोर्टाचा माणूस) येईपर्यंत थांबा, मग बघू' असं उत्तर मिळालं. थांबायचं का?

उत्तर: घरात थांबा, अर्जासाठी मात्र थांबू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फोनवर त्यांची गल्लत होते.

आधी नोटीस तपासून घ्या. १ मे २०२६ पासून कारण न देता घर खाली करायला लावणारी 'सेक्शन २१'ची नोटीस रद्द झाली आहे. घरमालकाला आता कारण द्यावं लागतं. विक्रीच्या कारणासाठी चार महिन्यांची मुदत लागते, आणि भाडेकरार सुरू होऊन पहिलं वर्ष सरायच्या आत ते कारण वापरता येत नाही. फॉर्म, तारखा, डिपॉझिट कुठे ठेवलं आहे, हे सगळं सल्लागाराला दाखवा. नोटीस चुकीची निघाली तर मालकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि तुमच्या हातात वेळ येतो.

मग अर्ज. पुढच्या ५६ दिवसांत घर जाण्याची शक्यता असेल, तर कौन्सिलवर 'प्रिव्हेन्शन ड्यूटी' येते, म्हणजे घर जाऊ नये म्हणून प्रयत्न करायची जबाबदारी. या टप्प्यावर तुम्ही मूळचे कुठल्या भागातले हे पाहिलं जात नाही आणि मुलं असण्याचीही अट नसते. अर्जाला ठरावीक फॉर्म लागत नाही, तोंडी सांगितलं तरी कायद्याने चालतं. पण फोनची नोंद कुणी करत नाही, म्हणून ईमेल करा. विषयात 'हाउसिंग ॲक्ट १९९६, पार्ट ७ खाली अर्ज' एवढंच लिहा. खाली घरात कोण कोण आहे, नोटीस कधीची, मुदत कधी संपते, कुणाचं काय आजारपण आहे, हे दहा ओळींत लिहा. नोटीस, भाडेकरार, तीन महिन्यांच्या पेस्लिप, बँकेची स्टेटमेंट, ओळखपत्रं, मुलांचे जन्मदाखले आणि ईव्हिसाचा शेअर कोड (ऑनलाइन व्हिसा दाखवण्याचा सांकेतिक क्रमांक) जोडा. एखादा कागद नसला तरी अर्ज पाठवा. 'सगळे कागद घेऊन या, मग अर्ज घेऊ' असं म्हणायचा कौन्सिलला अधिकार नाही.

अर्ज स्वीकारला की मुलाखत होते आणि 'पर्सनल हाउसिंग प्लॅन' तयार होतो. यात तुम्ही काय करायचं आणि कौन्सिलने काय करायचं, हे दोन्ही असतं. पहिली बाजू नेहमी भरगच्च असते (आठवड्याला इतकी घरं शोधा, इतके फोन करा) आणि दुसरी बाजू एका ओळीत आटोपलेली असते. सही करण्याआधी दुसरी बाजू भरून घ्या. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं देणार का? किती? घरमालकाशी कोण बोलणार, कधी? एवढी रक्कम वेळेवर मिळाली तर पुष्कळ कुटुंबांवर तात्पुरत्या खोलीत जायची वेळच येत नाही.

आता बेलिफ. कोर्टाच्या हुकमाआधी घर सोडून किल्ली देऊ नका. दिलीत, तर 'घर तुम्हीच होऊन सोडलं' असा निर्णय येऊ शकतो. त्याला 'इन्टेन्शनली होमलेस' म्हणतात, आणि तो शिक्का बसला की मुलं असूनही कौन्सिलची मुख्य जबाबदारी (कायमची सोय होईपर्यंत जागा देण्याची) संपते. मात्र प्रत्येकाने अगदी बेलिफ दारात येईपर्यंत थांबलंच पाहिजे, असंही कायद्यात नाही. त्या घरात पुढे राहणं तुमच्यासाठी 'रास्त' आहे का, हे कौन्सिलने तुमच्या परिस्थितीवरून ठरवायचं असतं. कोर्टाने दिलेली तारीख उलटल्यावर राहणं रास्त धरता येणं फार अवघड आहे, असं सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक संहितेत म्हटलं होतं. तरी 'थांबा' सांगितलं जातं, कारण कौन्सिलकडे खोल्या नाहीत आणि तुम्ही थांबलात तेवढे आठवडे त्यांचा खर्च टळतो. तुमच्यावर मात्र कोर्टाचा खर्च चढतो आणि पुढच्या घरमालकासाठी लागणारा रेफरन्स बिघडतो. म्हणून ईमेलने विचारा: 'कोर्टाच्या तारखेनंतर आम्ही इथे राहणं रास्त आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर कारणासह लेखी द्या.' उत्तर लेखी द्यायचं म्हटलं की बऱ्याचदा सूर बदलतो.

बेलिफची लेखी तारीख आली की ती त्याच दिवशी कौन्सिलला पाठवा. खोलीचा पत्ता बहुधा बेलिफ येण्याच्या दिवशीच दुपारी किंवा संध्याकाळी कळतो. त्या दिवसासाठी एक बॅग वेगळी भरून ठेवा: कागदपत्रं, पंधरा दिवसांची औषधं, मुलांचे युनिफॉर्म, तीन दिवसांचे कपडे, चार्जर, कोरडा खाऊ.

प्रश्न: 'तात्पुरतं घर' म्हणजे नक्की काय मिळतं? किती दिवस राहायचं असतं?

उत्तर: सुरुवातीला बहुधा एक खोली मिळते. हॉटेल किंवा बी अँड बी, एक डबल बेड, एक सिंगल, कोपऱ्यात छोटा फ्रिज, किटली, कधी मायक्रोवेव्ह. बॅगा ठेवल्यावर चालायला जागा उरत नाही. शेगडी नसते, आणि असली तर सामायिक स्वयंपाकघरात, वेळा लावून. फोडणीचा धूर स्मोक अलार्मला चालत नाही, आणि अलार्म झाकणं हा नियमभंग धरला जातो. त्यामुळे पहिले दिवस पोहे भिजवून, दही-भात, मायक्रोवेव्हमधली खिचडी यावरच निघतात. खोलीत इंडक्शन आणायच्या आधी व्यवस्थापकाला विचारा. परवानगीशिवाय आणलेल्या शेगडीवरून खोली गेल्याची उदाहरणं आहेत. बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर पाळणा मागा. संहितेत त्याचा उल्लेख आहे, पण न मागता तो क्वचितच येतो. मोठ्यांच्या पलंगावर आईबापांमध्ये तान्हं बाळ झोपवणं धोक्याचं आहे.

मुलं असलेल्या किंवा गरोदर स्त्री असलेल्या कुटुंबाला बी अँड बीमध्ये सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. हा नियम २००४ पासून आहे. आत जाल ती तारीख लिहून ठेवा, पाचव्या आठवड्यात ईमेल करा आणि सहावा संपला की वकिलाकडे जा. नियमाला एक मोठी पळवाट आहे, तीही माहीत असू द्या. संडास, न्हाणी, स्वयंपाकघर यांपैकी काहीतरी दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घ्यावं लागत असेल, तरच ती जागा नियमापुरती बी अँड बी ठरते. कौन्सिलच्या स्वतःच्या मालकीचं वा व्यवस्थापनाखालचं हॉस्टेल यात मोडत नाही. कोपऱ्यात दोन शेगड्या बसवलेली एकच खोली, जिचं भाडं रात्रीच्या हिशेबाने दिलं जातं, तीही मोडत नाही. अशा खोलीत चार माणसं वर्षभर राहिली, तर सहा आठवड्यांचा नियम मदतीला येत नाही. तिथे 'ही जागा आमच्यासाठी योग्य नाही' हाच मुद्दा लावून धरावा लागतो.

त्यानंतर कौन्सिलने खासगी मालकाकडून काही वर्षांच्या कराराने घेतलेला फ्लॅट मिळू शकतो, किंवा कौन्सिलचंच रिकामं घर. नाव तात्पुरतं, पण लंडनमध्ये मोठ्या कुटुंबांची वर्षानुवर्षं त्यात जातात. मुंबईतल्या संक्रमण शिबिरांत पिढ्या गेलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ३१ मार्च २०२५ रोजी इंग्लंडमध्ये १ लाख ३१ हजारांहून अधिक कुटुंबं तात्पुरत्या घरांत होती.

प्रश्न: कौन्सिलने आम्हाला साठ मैलांवरच्या गावात फ्लॅट देऊ केला आहे. मोठी मुलगी दहावीसारख्या वर्षाला, म्हणजे जीसीएसईच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी नोकरी इथे आहे. आजच संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं आहे. नाही म्हणू का?

उत्तर: आधी हो म्हणा, मग भांडा. हे लिहिताना आम्हालाही बरं वाटत नाही, पण याहून सुरक्षित सल्ला नाही. नकार दिलात आणि नंतर जागा 'योग्य' ठरली, तर कौन्सिलची जबाबदारी तिथेच संपते. मग ना तो फ्लॅट, ना दुसरा. स्वीकारून आक्षेप घेतलात, तर जिंकलं तर दुसरी जागा मिळते आणि हरलं तरी छप्पर राहतं.

मात्र तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात हे आधी विचारा, कारण आक्षेपाचा मार्ग त्यावर ठरतो. अर्जाची चौकशी चालू असताना दिलेली जागा 'सेक्शन १८८' खालची असते. तिच्याविरुद्ध कौन्सिलमध्ये रिव्ह्यू (निर्णयाचा फेरविचार) मागायचा हक्क नाही. वकिलामार्फत हायकोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णय कायद्याला धरून आहे का, हे तपासणारा दावा), एवढाच मार्ग. बऱ्याचदा वकिलाचं पहिलं पत्र गेलं की जागा बदलते. चौकशी पूर्ण होऊन कौन्सिलने मुख्य जबाबदारी मान्य केल्यावर दिलेली जागा 'सेक्शन १९३' खालची. तिच्याबद्दल 'सेक्शन २०२'चा रिव्ह्यू २१ दिवसांत मागता येतो. हे २१ दिवस निर्णय तुम्हाला कळला त्या दिवसापासून मोजायचे. रिव्ह्यूही विरोधात गेला तर पुढच्या २१ दिवसांत काउंटी कोर्टात अपील, तेही फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. इथे सर्वांत जास्त प्रकरणं बुडतात ती तारीख चुकल्यामुळे. ऑफिसर भला आहे, फोनवर 'बघतो' म्हणाला आहे, म्हणून माणसं थांबतात आणि बाविसावा दिवस उजाडतो.

आता मुद्दे. शक्य असेल तोवर कौन्सिलने आपल्याच हद्दीत जागा द्यायची असते. बाहेर दिली तर अंतर, नोकरी, मुलांचं शिक्षण, कुणाची शुश्रूषा आणि चालू औषधोपचार यांचा विचार करावा लागतो. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने वेस्टमिन्स्टर कौन्सिलविरुद्धच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. पाच मुलांच्या आईला मिल्टन कीन्सजवळच्या ब्लेचली इथे घर देऊ केलं होतं. तिने नकार दिला आणि कौन्सिलने जबाबदारी झटकली. जवळ काहीच का मिळालं नाही याची कारणं कौन्सिलने दाखवली पाहिजेत, असं म्हणत कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. तिने नकार देऊन जिंकलं हे खरं, पण त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. तो धोका तुम्ही पत्करू नका.

तुमच्या ईमेलमध्ये भावनेपेक्षा आकडे लिहा. शाळेचं पत्र घ्या: मुलगी कुठल्या वर्षाला, परीक्षा कधीपासून, कोणते विषय आणि कोणती परीक्षा-मंडळं. मंडळ बदललं तर अभ्यासक्रम बदलतो, हा मुद्दा फार वजनदार आहे आणि पुष्कळ पालक तो लिहीतच नाहीत. नव्या पत्त्यावरून शाळेला आणि कामावर जायला पहाटे किती वाजता निघावं लागेल, किती बसगाड्या-गाड्या बदलाव्या लागतील, महिन्याचं भाडं किती आणि पगाराच्या किती टक्के, हे लिहा. नोकरीवरून शिफ्टचं पत्र घ्या. 'आम्हाला इथे आवडतं, आपली माणसं इथे आहेत' हे खरं असलं तरी एकटं पुरत नाही. पण आजी रोज नातवंडांना शाळेतून आणते आणि म्हणून तुम्ही नोकरी करू शकता, हे पुरतं.

संध्याकाळची मुदत जाचक आहे, पण बेकायदा नाही. फ्लॅट पाहायला मिळेल का ते विचारा. न पाहता सही करायला लावत असतील तर सहीखाली लिहा: 'स्वीकारत आहे, योग्यतेबद्दल आक्षेप राखून.'

आणखी एक. एकदा दिलेली जागा पुढे अयोग्य होऊ शकते. आजार बळावला, बाळ झालं, भिंतीला बुरशी चढली, तर नव्याने निर्णय मागता येतो. २०२३ मध्ये क्रॉयडन कौन्सिलविरुद्धच्या खटल्यात, व्हीलचेअर वापरणाऱ्या महिलेला अयोग्य घरात ठेवल्याबद्दल सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही जबाबदारी तात्काळची आहे आणि पैसे नाहीत एवढ्याने ती टळत नाही.

प्रश्न: माझे यजमान स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत. नोकरी गेली, भाडं थकलं. व्हिसावर 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स' (सरकारी मदतीवर हक्क नाही) लिहिलं आहे. मूल तीन वर्षांचं. कौन्सिल आम्हाला घर देईल का?

उत्तर: बेघरांच्या कायद्याखाली नाही. ती मदत पब्लिक फंडात मोडते. पण दोन गोष्टी उरतात. कौन्सिलने हद्दीतल्या कुणालाही मोफत सल्ला द्यायचा असतो, त्याला व्हिसाची अट नाही. आणि चिल्ड्रन ॲक्ट १९८९ च्या 'सेक्शन १७' खाली गरजू मुलासाठी कौन्सिलचा बालसेवा विभाग कुटुंबाला राहायला जागा आणि थोडे पैसे देऊ शकतो. हे पब्लिक फंड धरलं जात नाही, त्यामुळे व्हिसाला बाध येत नाही. म्हणून हाउसिंग विभागाकडे न जाता 'चिल्ड्रन्स सर्व्हिसेस'कडे लेखी 'असेसमेंट' मागा. ते बँक स्टेटमेंट बारकाईने पाहतील, नातेवाइकांची चौकशी करतील, आणि भारतात परतायची तिकिटं देऊ करतील. 'मूल आम्ही ठेवू, तुमचं तुम्ही बघा' असं कुणी म्हणालं तर घाबरू नका, त्याच दिवशी वकील गाठा. गरिबी हे मूल काढून घ्यायचं कारण नाही.

घड्याळ मात्र व्हिसाचं चालू आहे. नोकरी गेल्यावर होम ऑफिस (ब्रिटनचं गृहखातं) बहुधा व्हिसाची मुदत ६० दिवसांवर आणतं. ती उलटून राहिलात तर 'सेक्शन १७'ची मदतही आकसते. घराच्या आधी इमिग्रेशनचा सल्ला घ्या.

दुसऱ्या एका पत्रात नवरा ब्रिटिश नागरिक आणि पत्नी स्पाउस व्हिसावर आहे. तिथे अर्ज नवऱ्याने करायचा. भारतात बरीच वर्षं राहून नुकतेच परतला असाल, तर ब्रिटिश पासपोर्ट असूनही 'हॅबिच्युअल रेसिडन्स'ची परीक्षा होते. म्हणजे इथे खरोखर स्थायिक होत आहात हे दाखवावं लागतं: मुलांचा शाळाप्रवेश, जीपीकडची (फॅमिली डॉक्टरकडची) नोंदणी, नोकरीचे अर्ज, तिकडचं बिऱ्हाड मोडल्याचे कागद.

प्रश्न: तात्पुरत्या घराचं भाडं कोण भरतं? पुण्यात आमचा एक फ्लॅट आहे, तो सांगावा लागतो का?

उत्तर: भाडं तुमच्या नावावर चढतं. कमी उत्पन्न असेल तर बेनिफिटमधून ते भागतं, पण कुठल्या बेनिफिटमधून इथेच गाडी अडते. जेवणखाण, मुलं वगैरेंसाठी युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता), आणि तात्पुरत्या घराच्या भाड्यासाठी कौन्सिलचं हाउसिंग बेनिफिट. दोन वेगळे अर्ज. लोक युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यात नवा पत्ता भरतात आणि भाड्याचं झालं असं समजतात. तीन महिन्यांनी हजारो पौंडांच्या थकबाकीचं पत्र येतं. मागच्या तारखेपासून हाउसिंग बेनिफिट मागता येतं ते जास्तीत जास्त एका महिन्याचं, तेही सबळ कारण असेल तर. म्हणून किल्ली मिळाली त्याच आठवड्यात अर्ज करा आणि पोच घ्या. गरम पाणी, हीटिंग, नाश्ता यांचा आकार बेनिफिटमध्ये बसत नाही. तो आठवड्याला स्वतः भरायचा असतो. लहान वाटतो म्हणून राहून जातो, आणि त्याच थकबाकीवरून खोली काढून घेतली जाते.

फ्लॅट सांगावाच लागतो. एकूण मालमत्ता १६ हजार पौंडांवर गेली की या दोन्ही बेनिफिटचा हक्क सहसा जातो, आणि परदेशातली मालमत्ताही त्यात धरतात. भावाबरोबर सामायिक असेल तर तुमचा वाटा किती, त्यावर कर्ज किती, विकता येतो का, याचे कागद द्या. शिवाय कायद्यात बेघर म्हणजे 'यूकेमध्ये किंवा इतरत्र' राहता येईल अशी जागा नसलेला माणूस. फ्लॅट रिकामा असेल तर 'तिथे का जात नाही' हा प्रश्न येणारच. मुलांचं शिक्षण, नोकरी, उपचार इथे असल्याने तिथे राहायला जाणं रास्त का नाही, हे आधीच लिहून ठेवा. लपवलेला फ्लॅट सापडला तर ती फसवणूक ठरते आणि खरं प्रकरणही त्यात वाहून जातं.

प्रश्न: माझी धाकटी बहीण लग्न होऊन आली. सासू आणि दीर मारहाण करतात, नवरा गप्प बसतो. पासपोर्ट सासूकडे आहे. तिला मूल नाही. पोलिसात जायला ती तयार नाही. कौन्सिल घेईल का?

उत्तर: हो, तिने विचारलं पाहिजे, आणि आजच. घरगुती अत्याचारामुळे बेघर झालेल्या व्यक्तीला जुलै २०२१ पासून आपोआप 'प्रायॉरिटी नीड' (प्राधान्याने जागा मिळण्याची पात्रता) आहे. मूल असण्याची गरज नाही. अत्याचार नवऱ्याचाच असला पाहिजे असंही नाही. सासू-दीर हे नातेवाईक कायद्यात येतात, आणि मारहाणीबरोबर पैसे काढून घेणं, डांबून ठेवणं, धाक घालणं हेही येतं. घर तिच्या नावावर असलं-नसलं तरी तिथे राहणं तिच्यासाठी रास्त नाही, असं कायदाच मानतो. पोलीस तक्रारीची प्रत ही अट नाही. खातरजमेसाठी सासरी फोन करणंही चुकीचं आहे. तसं होऊ नये म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये 'घरी संपर्क करू नये, फक्त या नंबरवर' असं लिहा.

ती कुठल्याही कौन्सिलकडे जाऊ शकते, आणि दूरच्या कौन्सिलकडे गेलेलं बरं. जिथे मारहाणीचा धोका आहे त्या भागात तिला परत पाठवता येत नाही. आपल्या लोकांचं जाळं घट्ट असतं, देवळात, मंडळात, व्हॉट्सॲपवर पत्ता फुटायला वेळ लागत नाही. नवा पत्ता बहिणीनेही कुणाला सांगू नये.

तिच्या व्हिसावर पब्लिक फंडाची बंदी असेल तर 'मायग्रन्ट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन'साठी अर्ज करता येतो. त्यातून तीन महिने बंदी उठते. नवरा ब्रिटिश किंवा सेटल्ड (कायम वास्तव्याचा हक्क असलेला) असेल तर त्या तीन महिन्यांत तिने कायम वास्तव्याचा स्वतंत्र अर्ज करायचा. फेब्रुवारी २०२४ पासून वर्क आणि स्टुडंट व्हिसावाल्यांच्या पत्नींनाही ही सवलत मिळते, पण त्यांच्यासाठी ती कायम वास्तव्याचा रस्ता नाही, फक्त तीन महिन्यांचा श्वास आहे. म्हणून अर्ज टाकण्याआधी वकिलाशी बोलणं आवश्यक. पासपोर्टसाठी परत घरात जाऊ नये. त्याचा फोटो किंवा व्हिसाचा ईमेल असेल तर तेवढ्यावर काम सुरू होतं. राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, चोवीस तास, मोफत. दुभाषा मागता येतो.

प्रश्न: वय ५८, एकटा. घटस्फोटानंतर मित्राच्या सोफ्यावर चार महिने काढले. मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. कौन्सिल म्हणतं, 'तुमच्या डोक्यावर छप्पर आहे आणि तुम्ही प्रायॉरिटीत नाही.'

उत्तर: पहिलं वाक्य चूक आहे. मित्राने 'आता जा' म्हटलं की कायद्याने तुम्ही बेघर आहात. मित्राकडून तारखेसह दोन ओळी लिहून घ्या.

दुसऱ्यासाठी लढावं लागेल. एकट्या माणसाला तात्पुरती खोली तेव्हाच मिळते जेव्हा तो 'व्हल्नरेबल' ठरतो. २०१५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार कसोटी अशी: कुणीही सामान्य माणूस बेघर झाला तर त्याला जितका त्रास होईल, त्याहून तुम्हाला लक्षणीय जास्त होईल का? 'मधुमेह आहे' एवढंच लिहिलेल्या जीपीच्या पत्राला काही किंमत नाही. पत्रात हवं ते असं: इन्सुलिन थंड जागेत ठेवावं लागतं, रस्त्यावर ते बिघडेल, रात्री साखर उतरली तर जवळ कुणी हवं, पायाला जखम आहे, ओल्या बुटांत ती चिघळेल, जेवणाची वेळ चुकली तर अमुक होतं. नैराश्य असेल तर तेही लिहा, घटस्फोटानंतर ते सांगायला पुरुष कचरतात. कौन्सिलचा डॉक्टर अनेकदा रुग्णाला न पाहता कागदावरून मत देतो, म्हणून कागद बोलका हवा. आणि लक्षात घ्या, खोली द्यायला 'कदाचित प्रायॉरिटीत असेल' असं मानायला जागा असणं एवढंच पुरेसं आहे. पक्का निर्णय नंतर होतो.

प्रायॉरिटी नाकारली तरी ५६ दिवसांची 'रिलीफ ड्यूटी' उरते: प्लॅन, डिपॉझिटची मदत, सामायिक घरातली खोली शोधून देणं. नकार 'सेक्शन १८४'च्या पत्रात लेखी मागा, आणि २१ दिवसांत रिव्ह्यू. तापमान शून्याच्या आसपास जाणार असेल तर कौन्सिलं रात्रीपुरती आपत्कालीन सोय उघडतात, तिथे प्रायॉरिटी विचारत नाहीत.

प्रश्न: घरमालकाच्या कुटुंबातच खोली घेऊन राहणारा विद्यार्थी आहे. भांडण झालं आणि कुलूप बदललं. कुणाकडे जाऊ?

उत्तर: मालक त्याच घरात राहत असेल आणि स्वयंपाकघर वगैरे सामायिक असेल, तर त्याला कोर्टाचा हुकूम लागत नाही, फक्त रास्त मुदत द्यावी लागते. सामान अडवून ठेवायचा मात्र त्याला हक्क नाही. मालक दुसरीकडे राहत असेल तर कोर्टाशिवाय कुलूप बदलणं हा १९७७ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. पोलीस 'हा दिवाणी मामला आहे' म्हणाले, तर 'प्रोटेक्शन फ्रॉम एव्हिक्शन ॲक्ट १९७७' हे नाव सांगा. कौन्सिलच्या टेनन्सी रिलेशन्स ऑफिसरला (घरमालक-भाडेकरूंचे तंटे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) गाठा, आणि विद्यापीठाच्या वसतिगृह विभागाकडे आपत्कालीन खोली मागा. स्टुडंट व्हिसावर कौन्सिलची खोली मिळणार नाही.

प्रश्न: कौन्सिलकडे पैसे नाहीत म्हणतात, मग महागड्या हॉटेलांना रात्रीचे पैसे कसे देतात?

उत्तर: नाइलाजाने. आज रात्री कुटुंब दारात उभं असेल तर आज रात्री जे मिळेल ते घ्यावं लागतं. त्यातले केंद्राकडून परत मिळतात ते जानेवारी २०११ च्या स्थानिक भाडेदरांच्या ९० टक्क्यांपर्यंतच. भाडी आजची, हिशेब २०११ चा. फरक कौन्सिलच्या तिजोरीतून जातो, आणि म्हणूनच दारावरच नकार देण्याची वृत्ती वाढते. हे कारण समजून घ्यावं, पण ते तुमच्या अर्जाला उत्तर म्हणून स्वीकारू नये.

प्रश्न: सध्या कौन्सिलच्या खोलीत आहोत. वडील नागपूरला अत्यवस्थ आहेत. पंधरा दिवस जाऊन आलो तर चालेल का? आणि सामान कुठे ठेवू?

उत्तर: न सांगता जाऊ नका. अशा खोल्यांत सही करावी लागते किंवा रोजची नोंद असते. तीन-चार रात्री दिसला नाहीत की 'जागा सोडली' असं धरून खोली दुसऱ्याला दिली जाते. अशा तात्पुरत्या खोलीतून काढायला कोर्टाचा हुकूम लागत नाही, हेही सुप्रीम कोर्टानेच २०१४ मध्ये ठरवलं आहे. निघण्याआधी ईमेल करा: कारण, जाण्यायेण्याच्या तारखा, तिकिटाची आणि रुग्णालयाच्या कागदाची प्रत, भारतातला नंबर. लेखी होकार आल्यावरच निघा. हाउसिंग बेनिफिट आणि युनिव्हर्सल क्रेडिटलाही कळवा, परदेशी गेलात तर त्यांचे नियम वेगळे आहेत. कुटुंबातलं कुणी मागे राहणार असेल तर खोली टिकवणं बरंच सोपं जातं.

सामानाचं: ते हरवण्याचा किंवा खराब होण्याचा धोका असेल आणि तुम्हाला दुसरी सोय नसेल, तर ते सांभाळणं 'सेक्शन २११' खाली कौन्सिलचं कर्तव्य आहे. आकार लावू शकतात, तो किती ते आधी विचारा. घर खाली करायच्या आधी मागणी केली पाहिजे. फ्रिज, पलंग फुटपाथवर आल्यावर ती सोय मिळत नाही. देव, दागिने, पासपोर्ट, दाखले स्टोरेजला देऊ नका, ते बरोबरच ठेवा.

मोफत सल्ल्यासाठी शेल्टर संस्थेची हेल्पलाइन ०८०८ ८०० ४४४४. कौन्सिलने बेघर म्हणून नकार दिला असेल तर कमी उत्पन्नवाल्यांना लीगल एडवर (सरकारी खर्चाने) वकील मिळू शकतो. सिव्हिल लीगल ॲडव्हाइसचा नंबर ०३४५ ३४५ ४३४५. फोन करताना निर्णयाचं पत्र आणि त्यावरची तारीख समोर ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो.